पर्याय आधीच लिहून ठेवला होता

जुलै 2011. व्हीएमवेअरने एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हीस्फिअरची पाचवी आवृत्ती जाहीर केली आणि तिच्यासोबत लायसन्सचे नवे नियमही. तोवरचा ढोबळ हिशेब सोपा होता. सर्व्हरमध्ये प्रोसेसर जितके, तितकी लायसन्स. आता व्हर्च्युअल मशीनना नेमून दिलेली मेमरीही मोजली जाणार होती. सगळ्यात महागड्या एंटरप्राइझ प्लस लायसन्सला प्रोसेसरमागे 48 जीबी, त्यापुढे गेलात की आणखी एक लायसन्स.

या नियमाचा सगळ्यात मोठा फटका कुणाला बसला? ज्यांनी काम उत्तम केलं होतं त्यांना. थोडेच पण तगडे सर्व्हर घ्यायचे, त्यांत मेमरी ठासून भरायची आणि जुन्या खोक्यांवरची सगळी कामं त्यांवर आणून बसवायची, हा तर खर्च कमी करण्याचा राजमार्ग होता. त्या मार्गावर जो जितका पुढे गेला होता, त्याचं बिल तितकं जास्त वाढणार होतं. सिस्टिम ॲडमिन मंडळींनी या नियमाचं नाव ‘व्हीटॅक्स’ ठेवलं आणि एक्सेलचे तक्ते मांडून आपापल्या कंपनीचा आकडा काढला. ओरड इतकी झाली की ऑगस्टमध्ये 48 चे 96 जीबी झाले. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये व्हीएमवर्ल्ड परिषदेच्या व्यासपीठावर कंपनीचे नवे प्रमुख पॅट गेल्सिंगर यांनी तो नियमच मागे घेतल्याचं सांगितलं.

नियम गेला, पण मधल्या वर्षात बरंच काही घडून गेलं होतं. हेच काम करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरचं, केव्हीएमचं, नाव तोवर आमच्या क्षेत्रातल्या अनेकांनी नुसतं ऐकलं होतं. ते एखाद्या रिकाम्या सर्व्हरवर लावून, त्यावर खरं काम टाकून पाहिलं गेलं ते या काळात. ही सगळी हकीकत मी आज सांगतोय, कारण तेव्हा लावून पाहायला काहीतरी हातात होतं. ते आधी कुणीतरी लिहून ठेवलेलं होतं.

मेमरीचीच गोष्ट घ्या. डेटा सेंटरमध्ये प्रोसेसर बहुधा सुस्तावलेले असतात आणि मेमरी मात्र आधी संपते. एका सर्व्हरवर विंडोजची पन्नास व्हर्च्युअल मशीन चालत असतील तर तोच सिस्टिमचा मजकूर मेमरीत पन्नास वेळा पडून असतो. एकसारखी पानं शोधून त्यांची एकच प्रत ठेवायची आणि कुणी तिच्यात बदल केला तरच त्याला वेगळी प्रत काढून द्यायची, ही कल्पना व्हीएमवेअरने फार आधी प्रत्यक्षात आणली होती. नोव्हेंबर 2008 मध्ये हेच काम लिनक्सच्या कर्नलमध्ये करणारा कोड चर्चेला आला. त्याचं नाव केएसएम. पानांचा हॅश काढून एकसारखी पानं ओळखायची, अशी त्याची पहिली रीत होती. चर्चेत लगेच कुणीतरी लक्षात आणून दिलं की हॅशने पानं जुळवण्याच्या पद्धतीवर व्हीएमवेअरचं पेटंट आहे.

अशा ठिकाणी बरेच प्रकल्प वकिलांच्या हाती जातात आणि तिथेच संपतात. केएसएमच्या लेखकांनी रीतच बदलली. हॅशच्या तक्त्याने जुळवाजुळव करणं सोडून पानांचा मजकूर थेट एकमेकांशी ताडायचा आणि पानं समतोल वृक्षांत रचून ठेवायची, अशी नवी मांडणी 2009 च्या वसंतात आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, लिनक्स 2.6.32 सोबत, केएसएम कर्नलचा भाग झालं. त्या वेळी दिला जाणारा दाखला आजही तोंडपाठ आहे: 16 जीबीच्या सर्व्हरवर एकेक जीबीची 52 विंडोज एक्सपी मशीन. पुढे संशोधकांनी दाखवून दिलं की पानं अशी एकत्र केली की शेजारच्या मशीनमध्ये काय आहे याचा अंदाज बांधता येतो. म्हणून अनोळखी ग्राहक एका सर्व्हरवर राहतात तिथे हे वैशिष्ट्य बंद ठेवायचं. आपल्याच कार्यालयाची विश्वासातली मशीन असतील तर मात्र अजूनही फायद्याचं.

केएसएम ज्यांच्याकडून आलं त्यांनीच केव्हीएम लिहिलं होतं. क्वुमरानेट ही इस्रायलमधली छोटी कंपनी. तिला हायपरवायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर, विकायचाच नव्हता. कर्मचाऱ्यांचे डेस्कटॉप सर्व्हरवर चालवायचे आणि टेबलावर फक्त पडदा ठेवायचा, असं तिचं उत्पादन होतं. त्यासाठी खाली काहीतरी भक्कम हवं होतं. ते काम अवी किविटी यांच्याकडे आलं. त्यांनी घेतलेला निर्णय मला आजही थक्क करतो. हायपरवायझर म्हणजे स्वतःच एक लहान ऑपरेटिंग सिस्टिम: कामांची पाळी लावणारा भाग हवा, मेमरी वाटणारा हवा, ड्रायव्हर हवेत. किविटी यांनी पाहिलं की हे सगळं लिनक्समध्ये आहेच आणि हजारो लोक ते रोज सुधारत आहेत. मग वेगळं कशाला लिहायचं? व्हर्च्युअल मशीन म्हणजे लिनक्सवरचा एक साधा प्रोसेस, इतकंच करून टाकलं.

वेळही जुळून आली होती. मूळच्या एक्स86 प्रोसेसरमध्ये सतरा सूचना अशा होत्या की त्या व्हर्च्युअल मशीनमध्ये गपचूप चुकीचं वागायच्या. व्हीएमवेअरच्या संस्थापकांनी 1999 मध्ये चालू कोडचं क्षणाक्षणाला रूपांतर करून ही अडचण ओलांडली, आणि ते काम खरोखर थोर होतं. नोव्हेंबर 2005 मध्ये इंटेलने आणि पुढच्या वर्षी एएमडीने ही सोय थेट चिपमध्येच दिली. त्यामुळे किविटींचा कोड छोटा राहू शकला. ऑक्टोबर 2006 मध्ये त्यांनी तो सर्वांपुढे ठेवला आणि फेब्रुवारी 2007 च्या लिनक्स 2.6.20 मध्ये तो दाखलही झाला. झेन हा त्याआधीचा मुक्त हायपरवायझर. त्याला मूळ लिनक्स कर्नल यजमान म्हणून पूर्णपणे वापरता यायला 2011 उजाडलं. छोटा आणि कुणाच्या पायात न येणारा कोड किती वेगाने स्वीकारला जातो, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

डिस्क, नेटवर्क कार्ड, घड्याळ अशा नकली उपकरणांसाठी केव्हीएमने क्यूएमू वापरलं. ते फाब्रिस बेलार यांनी लिहायला घेतलं होतं. हे फ्रेंच गृहस्थ एफएफएमपेगचेही जनक, आणि 2009 च्या अखेरीस त्यांनी साध्या डेस्कटॉप संगणकावर पायचे सुमारे 2.7 लाख कोटी अंक काढून विक्रम केला होता. सप्टेंबर 2008 मध्ये रेड हॅटने क्वुमरानेट 10.7 कोटी डॉलरला विकत घेतली. केव्हीएमचा परवाना मुक्तच होता आणि मुक्तच राहिला.

झेनचा एक किस्सा यात सांगायलाच हवा. केंब्रिज विद्यापीठात इयन प्रॅट आणि कीर फ्रेझर यांच्या गटाने तो बनवला आणि 2003 मध्ये त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या पद्धतीत व्हर्च्युअल मशीनमधल्या ऑपरेटिंग सिस्टिमलाच थोडं बदलावं लागे. लिनक्ससाठी ते सोपं. पण या गटाने मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मदतीने विंडोज एक्सपीवरही ते काम सुरू केलं होतं. निबंधात त्याचा उल्लेख आहे. ती आवृत्ती मात्र कुणालाही देता आली नाही, कारण एक्सपीचा स्रोत कोड वापरण्याची परवानगी फक्त संशोधनापुरती होती. काम झालं, पण दारं बंद. लिनक्सवरचं त्यांचं काम सगळ्यांना मिळालं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये ॲमेझॉनच्या एका छोट्या गटाने त्याच झेनवर ईसी2 ही सेवा उभारली. ऑगस्ट 2006 मध्ये एक मशीन तासाला दहा सेंटने भाड्याने मिळू लागलं.

पण या सगळ्यातून पैसे वाचतात ते नेमके कुठे? लायसन्सचा आकडा सगळ्यांना दिसतो. विजेचा आकडा मात्र वेगळ्या विभागाच्या बिलात दडलेला असतो. गूगलच्या लुईझ बारोसो आणि उर्स हॉल्झले यांनी 2007 मध्ये आपल्या हजारो सर्व्हरांची मोजणी मांडली. सर्व्हर बहुतेक वेळ 10 ते 50 टक्के क्षमतेवर चालतात, आणि काहीच काम नसतानाही चांगला सर्व्हर पूर्ण भाराच्या जवळपास निम्मी वीज खातो. ती वीज उष्णता होऊन बाहेर पडते, ती काढायला एसी, एसीला पुन्हा वीज, त्या सगळ्यामागे यूपीएस आणि डिझेल जनरेटर. एका मोठ्या वाड्यात अनेक बिऱ्हाडं थाटावीत तसं एका यंत्रावर कामं वसवली की ही सगळी साखळी आखूड होते. हा फायदा कुठल्याही हायपरवायझरने मिळतो, विकतच्याही. मुक्त हायपरवायझरचं वेगळेपण असं की वाचलेले पैसे पुढच्या रिन्यूअलला कुणी परत मागत नाही.

हे सगळ्यात नीट पाहायचं असेल तर जिनिव्हाजवळच्या सर्नकडे पाहावं. 2012 च्या आसपास तिथल्या संगणक विभागापुढे असा पेच होता: हेड्रॉन कोलायडरचा डेटा वाढतच जाणार, पण कर्मचाऱ्यांची संख्या वाढणार नाही आणि मेरिनच्या संगणक केंद्राची वीज साडेतीन मेगावॉटवर अडलेली. दुसरं केंद्र हंगेरीत, बुडापेस्टच्या विग्नर संस्थेत काढलं. ते जून 2013 मध्ये सुरू झालं. दोन केंद्रं आणि तेवढीच माणसं. सर्नकडे यंत्रं सांभाळायची स्वतः घडवलेली साधनं होती. ती त्यांनी सोडली. ‘आमच्या गरजा जगावेगळ्या आहेत’ हा समजही त्यांनी सोडला, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड तेच होतं. टिम बेल यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने क्लाउड सांभाळणारं मुक्त सॉफ्टवेअर ओपनस्टॅक आणि केव्हीएम घेतलं आणि जुलै 2013 मध्ये ते प्रत्यक्ष वापरात आणलं. आधी तिथे मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीवर काही हजार मशीन चालत होती.

पुढचा भाग जाहिरातीत कधी येत नाही. अख्ख्या सर्व्हरएवढं एकच मोठं व्हर्च्युअल मशीन केलं तर भौतिकशास्त्राची गणितं थेट यंत्रावर चालवण्यापेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी मंद होत असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. हजारो सर्व्हरमागे वीस टक्के म्हणजे शेकडो सर्व्हर विकत घेऊन बंद ठेवल्यासारखं. तपास सुरू झाला. दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रोसेसरची स्वतःची जवळची मेमरी असते आणि दुसऱ्याची लांबची. व्हर्च्युअल मशीनला ही रचना दिसतच नव्हती. त्यामुळे काम एका प्रोसेसरवर आणि त्याचा डेटा दुसऱ्याच्या मेमरीत, असं चाललं होतं. खरी रचना मशीनला दाखवली आणि प्रोसेसर नेमून दिले. मेमरीची पानं 4 केबीऐवजी 2 एमबीची केली. तोटा काही टक्क्यांवर आला. हे सगळे प्रयोग त्यांनी आकड्यांसकट जाहीर केले. ते वाचून कितीतरी कार्यालयांनी आपले सर्व्हर नीट केले असतील. मी त्यातलाच एक.

सर्नचा आणखी एक अनुभव 2019 मध्ये त्यांनीच उघड सांगितला. शैक्षणिक संस्था म्हणून मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सवलत गेली आणि वापरकर्त्यांच्या संख्येवर आधारलेला नवा दर दहापटीहून जास्त निघाला. संगणक केंद्राचा पाया तोवर मुक्त सॉफ्टवेअरवर आला होता, म्हणून तो धक्का निदान तिथे लागला नाही.

असा धक्का मुक्त सॉफ्टवेअरच्या आडूनही बसू शकतो. सिट्रिक्सने डिसेंबर 2017 मध्ये झेनवर आधारलेला आपला झेनसर्व्हर 7.3 काढला, तेव्हा फुकट आवृत्तीतून काही महत्त्वाच्या सोयी काढून घेतल्या. तीनपेक्षा जास्त सर्व्हरचा गट करता येईना. पण 2013 मध्ये सिट्रिक्सनेच तो कोड खुला केलेला होता. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या ओलिव्हिए लांबेर यांच्या गटाने तो कोड घेतला, लोकवर्गणी काढली आणि 2018 मध्ये एक्ससीपी-एनजी उभा केला. काढून घेतलेल्या सोयी परत मिळाल्या. खुल्या परवान्याचा उपयोग एरवी कागदावर दिसतो. त्या वर्षी तो सर्व्हर रूममध्ये दिसला.

मग आलं ब्रॉडकॉम. मे 2022 मध्ये सुमारे 61 अब्ज डॉलरला व्हीएमवेअर घेण्याची घोषणा झाली आणि 22 नोव्हेंबर 2023 ला व्यवहार पूर्ण झाला. डिसेंबरात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद झाली. यापुढे फक्त वर्गणी, तीही ठरावीक संचांमध्ये आणि कोअरच्या हिशेबाने. प्रोसेसरमागे किमान 16 कोअर मोजले जाणार, मग तुमच्या प्रोसेसरमध्ये आठच का असेनात. एटीअँडटीसारखी कंपनी 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेली आणि पुढे तडजोड झाली. एवढ्या मोठ्या कंपनीला कोर्टाची पायरी चढावी लागली, तर नाशिकच्या कारखान्यातल्या किंवा पुण्याच्या सहकारी बँकेतल्या आयटी प्रमुखाने काय करायचं?

त्यांच्यासाठी व्हिएन्नामधल्या एका कंपनीचं काम तयार होतं. प्रॉक्समॉक्स 2008 पासून केव्हीएमभोवती सोपा आणि नीट जमलेला पसारा उभा करत आली होती. मार्च 2024 मध्ये तिने व्हीएमवेअरच्या सर्व्हरवरून मशीन थेट ओढून आणणारं साधन दिलं. महिनाभरात जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये तेच चालू होतं.

अशी स्थलांतरं मी पुण्यात आणि आसपास पुष्कळ केली आहेत. त्यात खरी अडचण डिस्कच्या फायलींची नसते. विंडोजला नव्या डिस्क कंट्रोलरचा, व्हर्टआयओचा, ड्रायव्हर आधी द्यावा लागतो. नाहीतर पहिल्याच सुरुवातीला निळा पडदा. आधी एक छोटी रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडायची, विंडोजला ड्रायव्हर उचलू द्यायचा आणि मगच मूळ डिस्क हलवायची, ही युक्ती आता प्रत्येक अनुभवी माणसाला माहीत आहे. जुन्या हायपरवायझरची साधनं निघण्याआधी काढून टाकावीत, कारण नव्या घरी ती निघायला नकार देतात. लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाचं नाव बदलतं आणि मशीन सुरू होऊनही कुणाला सापडत नाही. दोनच सर्व्हरचा गट असेल तर तिसऱ्या मताची सोय करावी लागते, मग ते एखाद्या जुन्या डेस्कटॉपवर का असेना. नाहीतर एक सर्व्हर पडताच दुसरा बहुमत नाही म्हणून काम थांबवतो. आणि ज्यांच्याकडे महागडा सॅन स्टोरेज आहे त्यांनी आधीच विचारावं: सॅनवरच्या जाड एलव्हीएमवर स्नॅपशॉट घेणं प्रॉक्समॉक्सला जमत नसे. 2025 च्या नवव्या आवृत्तीत ते प्रायोगिक स्वरूपात आलं. सॅनऐवजी सेफ हे सर्व्हरांच्याच डिस्कवर पसरलेलं मुक्त स्टोरेज वापरायचं तर किमान तीन सर्व्हर आणि वेगवान नेटवर्क हवं. तोही खर्च आहे आणि तो कोटेशनमध्ये लिहिलाच पाहिजे.

काही खर्च हायपरवायझर बदलून कमी होत नाहीत, हेही आधीच सांगितलेलं बरं. विंडोज सर्व्हरचं लायसन्स कोअरवर आहे आणि ते खाली काहीही असलं तरी द्यावं लागतं. ओरॅकलच्या डेटाबेसच्या हिशेबात तर साधं केव्हीएमही फारसं वाचवत नाही, कारण अशा सॉफ्टवेअरने आखलेल्या सीमा ओरॅकल मानत नाही. अशा मशीनसाठी वेगळा छोटा सर्व्हर ठेवणं पुष्कळदा स्वस्त पडतं.

आणि मुक्त म्हणजे निर्दोष नव्हे. मे 2015 मध्ये क्राउडस्ट्राइकच्या एका संशोधकाने क्यूएमूच्या नकली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये एक भोक शोधलं. त्यातून व्हर्च्युअल मशीनमधला माणूस बाहेरच्या सर्व्हरवर येऊ शकत होता. त्या भोकाला नाव मिळालं व्हेनम. तो कोड 2004 पासून तसाच पडून होता. क्लाउडच्या युगात फ्लॉपीचा कोड कोण वाचणार? सगळ्यांना वाचता येतं म्हणजे कुणीतरी वाचतंच असं नाही. वाचायला माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो. रेड हॅटचं मोठं अभियांत्रिकी केंद्र पुण्यातच आहे. हे काम आपल्या मुलामुलींना येतं, फक्त आपली कार्यालयं त्यासाठी पद काढत नाहीत. लायसन्सच्या रकमेवर सही चटकन होते आणि एका चांगल्या ॲडमिनच्या पगारवाढीची फाइल वर्षभर फिरते. हे चित्र मला मनापासून खुपतं.

तेव्हा आयटी सांभाळणाऱ्यांना आणि त्यांच्या बजेटवर सही करणाऱ्यांना एवढीच विनंती. रिन्यूअलची तारीख शोधा आणि तिच्या निदान नऊ महिने आधी एखाद्या जुन्या सर्व्हरवर केव्हीएम लावून त्यावर एक खरं, पण बंद पडलं तरी चालेल असं काम टाका. बॅकअप घ्या आणि तो परत चढवून पाहा. जमलं तर लायसन्समधून वाचणाऱ्या रकमेचे सरळ तीन भाग करा: एक तुमच्या माणसांच्या प्रशिक्षणाला आणि पगाराला, एक त्या मुक्त प्रकल्पाच्या अधिकृत वर्गणीला, आणि उरलेला संस्थेला.

मधला भाग सोडू नका. प्रॉक्समॉक्स, एक्ससीपी-एनजी आणि रेड हॅट या तिन्हींचा कोड खुला आहे आणि तिन्ही जगतात ते या वर्गणीवर.